काउंट आल्यानंतरचं काम

मी रक्ताच्या आजारांवर आणि त्यातही बोन मॅरो, म्हणजे हाडांच्या आतला रक्त बनवणारा मगज, त्याच्या ट्रान्सप्लांटवर संशोधन करते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, मग आता ब्लड कॅन्सर बरा होतो का हो. होतो, बऱ्याच जणांचा होतो. थॅलेसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, सिकल सेल असे कॅन्सर नसलेले आजारसुद्धा ट्रान्सप्लांटने बरे होतात. पण माझ्या कामाची बरीच वर्षं ज्या प्रश्नात गेली तो याच्या पुढचा आहे. आजार गेला, पेशंट घरी गेला, त्यानंतर पाच-दहा वर्षांनी तो माणूस कसा आहे? यावर फार कमी बोललं जातं म्हणून सविस्तर लिहितेय, आणि मी तिथपर्यंत कशी पोचले तेही.

सुरुवात लॅबमध्ये झाली. फेलोशिपला लागले तेव्हा मला पेशंट बघायचे होते, वॉर्डात राहायचं होतं, पण सरांनी पहिल्यांदा कॉलनी, म्हणजे एका पेशीपासून वाढलेले पुंजके, मोजायला बसवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मॅरोतल्या किंवा रक्तातून गोळा केलेल्या थोड्या पेशी घ्यायच्या, मिथाइलसेल्युलोज नावाच्या घट्ट पारदर्शक जेलमध्ये मिसळायच्या, त्यात पेशी वाढायला लागणारे ग्रोथ फॅक्टर असतात, आणि ते छोट्या प्लेटमध्ये ओतून 37 डिग्रीच्या इन्क्युबेटरमध्ये चौदा दिवस ठेवायचं. जेल इतकं चिकट असतं की साध्या पिपेटने नीट उचलतच नाही, सिरिंजला जाड बोथट सुई लावून ओढावं लागतं, तेही हळू, कारण बुडबुडे झाले की नंतर मोजताना वैताग येतो. शेजारी पाण्याची एक उघडी प्लेट ठेवायची, नाहीतर जेल सुकतं. चौदा दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघायचं. काही ठिकाणी लालसर पुंजके दिसतात, ते लाल पेशी बनवणाऱ्या कॉलनीचे, त्यात हिमोग्लोबिन तयार झालेलं असतं म्हणून रंग न देताही लाल दिसतात. काही पांढरट, पसरलेले, कडेला विरळ होत जाणारे, ते पांढऱ्या पेशींचे. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचे आकडे न बघता, आणि मग जुळवायचे. फरक जास्त आला की दोघांनी परत.

पहिला लाल पुंजका दिसला तेव्हा मी किती तरी वेळ डोळा काढला नव्हता. एका पेशीतून हे सगळं झालंय हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं.

हे मुळात कळलं ते टोरांटोमध्ये. 1961 साली जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककलक या दोघांनी, एक बायोफिजिक्सवाला आणि एक डॉक्टर, रेडिएशन दिलेल्या उंदरांना मॅरोच्या पेशी दिल्या आणि दहाएक दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर छोट्या गाठी दिसल्या. मॅककलक रविवारी लॅबमध्ये येऊन उंदीर तपासत होते तेव्हा त्यांना ते दिसलं. जेवढ्या पेशी जास्त दिल्या तेवढ्या गाठी जास्त. पुढे 1963 मध्ये त्यांच्याच गटाने क्रोमोसोमच्या खुणा वापरून दाखवलं की एक गाठ ही एकाच पेशीपासून बनलेली आहे. त्याआधी स्टेम सेल, म्हणजे जिच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात ती मूळ पेशी, ही एक कल्पना होती, लोक त्यावर वाद घालायचे. यांनी ती मोजता येईल अशी गोष्ट करून ठेवली. माझ्या दृष्टीने आमच्या विषयाचा खरा पाया हा आहे.

मी सरांना एकदा विचारलं की पेशी मोजणारं फ्लो सायटोमीटर मशीन एका तासात सीडी34 पेशींचा, म्हणजे ज्यांत स्टेम सेल येतात त्या पेशींचा, आकडा देतं, पेशंटच्या वजनाच्या दर किलोला निदान 20 लाख हव्यात एवढं बघून आपण ग्राफ्ट, म्हणजे गोळा केलेल्या पेशी, देतो, मग या कॉलनी कशाला, त्यांचं उत्तर येईपर्यंत तर पेशी पेशंटच्या अंगात जाऊन दोन आठवडे झालेले असतात. ते म्हणाले, "अगं, मशीन सांगतं पेशी आहेत किती. त्यातल्या काम करणाऱ्या किती ते सांगत नाही. उद्या एखाद्याचे काउंट आले नाहीत तर तू कारण कुठे शोधणार?" काउंट येणं म्हणजे दिलेल्या पेशी लागून रक्तातले आकडे वर येणं. पुढे ते न येण्याची वेळ खरंच येते. फ्रीज करून ठेवलेली पिशवी असते, आकडा उत्तम असतो, आणि तरी पेशी उशिरा लागतात किंवा लागतच नाहीत. तेव्हा त्याच जुन्या प्लेटची नोंद काढून बघितली जाते की यात कॉलनी आल्या होत्या का.

मग वॉर्ड. ट्रान्सप्लांट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर येतं. पेशंटसाठी तसं काही नसतं. आधी कंडिशनिंग होतं, म्हणजे मोठ्या डोसची केमो, कधी रेडिएशन, त्याने जुना मॅरो मोकळा होतो आणि नवीन पेशींना नाकारू शकणारी इम्युनिटीही दबते. त्यानंतर ज्या दिवशी पेशी देतात तो डे झीरो. रक्ताच्या पिशवीसारखीच पिशवी, सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, चढते. फ्रीज केलेल्या पेशी असतील तर बेडशेजारी कोमट पाण्यात वितळवून भराभर द्यायच्या असतात, कारण गोठवताना वापरलेलं डीएमएसओ हे रसायन वितळल्यावर पेशींनाच मारायला लागतं. त्याचा लसणासारखा उग्र वास पेशंटच्या श्वासाला येतो आणि तो दीड-दोन दिवस खोलीत राहतो. सगळं झालं की नातेवाईक विचारतात, "एवढंच?" आणि पुढचा प्रश्न, "पण डॉक्टर, हे तर शिरेत दिलं, हाडात जाणार कसं?" हा फार चांगला प्रश्न आहे. त्या पेशी स्वतःच वाट शोधतात. मॅरोतून एक रासायनिक सिग्नल सुटत असतो, स्टेम सेलच्या अंगावर तो ओळखणारा रिसेप्टर असतो, आणि रक्तातून फिरत फिरत त्या तिथे जाऊन थांबतात. कितीही वेळा समजावून सांगितलं तरी मला सांगताना तेवढाच आनंद होतो.

त्यानंतर वाट बघणं. तोंड सोललेलं, गिळवत नाही, ताप येतोय, प्लेटलेट चढवतोय, आणि रोज सकाळी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. पांढऱ्या पेशी शंभर, शंभर, अजून शंभर. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस 500 च्या वर राहिले की एनग्राफ्टमेंट झालं, म्हणजे नवीन पेशी लागल्या, असं म्हणायचं, त्याची तारीख त्या तीनमधल्या पहिल्या दिवसाची धरतात. ज्या दिवशी रिपोर्टवर आकडा हलतो त्या दिवशी सगळा वॉर्ड वेगळा असतो, सिस्टर आत जाऊन पेशंटला आधी सांगतात, मागून आम्ही जातो. "काउंट आले" हे दोन शब्द ज्यांनी त्या खोलीत ऐकलेत त्यांना मी काही वेगळं सांगायची गरज नाही.

हे आज नेहमीचं वाटतं, पण सुरुवात फार वाईट होती. डॉनल थॉमस यांनी 1957 मध्ये सहा पेशंटचा रिपोर्ट छापला, त्यातल्या फक्त दोघांत मॅरो थोडा काळ लागल्याचं दिसलं आणि कुणीच फार दिवस जगलं नाही. तेव्हा एचएलए मॅचिंग, म्हणजे डोनर आणि पेशंटच्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा जुळवून बघणं, नव्हतंच, पांढऱ्या पेशींवरचं त्यातलं पहिलं अँटिजेन जाँ दॉसे यांनी पॅरिसमध्ये 1958 साली दाखवलं. साठच्या दशकात बऱ्याच जणांनी हा नाद सोडून दिला. थॉमस आणि त्यांच्या पत्नी डॉटी, त्या लॅबपासून पेपरच्या शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्यात असायच्या, यांनी कुत्र्यांवर काम चालू ठेवलं, मॅचिंग कसं करायचं, इम्युनिटी दाबणारं मेथोट्रेक्सेट कसं द्यायचं हे तिथून शिकून परत माणसांकडे आले. 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मधल्या तीसेक वर्षांत जे पेशंट गेले त्यांची नावं कुठल्याही पेपरात नाहीत, पण आज आम्ही जो प्रत्येक डोस लिहितो तो त्यांच्यामुळे लिहितो, आणि हे मी माझ्या प्रत्येक नवीन फेलोला पहिल्याच आठवड्यात सांगते.

आता माझी दिशा कशी बदलली ते.

फेलोशिप संपल्यावर मी ट्रान्सप्लांट युनिटमध्येच राहिले आणि फॉलो-अप ओपीडी माझ्याकडे आली. कुणालाच ती नको असते. नवीन ट्रान्सप्लांटची धामधूम वॉर्डात, इथे जुने पेशंट, औषधं कमी-जास्त करणं, त्वचेला खाज, तोंडाला कोरड. तिथे एक तरुण मुलगा यायचा. अक्यूट ल्युकेमिया होता, मोठ्या बहिणीच्या पेशी पूर्ण जुळल्या, काउंट वेळेवर आले, रक्तात डोनरच्या पेशी किती हे सांगणाऱ्या कायमेरिझमच्या टेस्टमध्ये शंभर टक्के डोनरच्या पेशी, रक्तगटसुद्धा बदलून बहिणीचा झालेला. आमच्या रजिस्टरमध्ये तो यशस्वी होता. डोळे कोरडे पडतात म्हणून ड्रॉप्स चालू होते. एकदा बोलता बोलता त्याची आई म्हणाली, "मॅडम, हा आजकाल जिना चढायचं टाळतो." तो लगेच म्हणाला, "काही नाही हो, लिफ्ट आहे ना, उगाच कशाला." छाती तपासली, आवाज ठीक. एक्स-रे ठीक. पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांची क्षमता मोजणारी टेस्ट, केली तर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, ज्याला एफईव्ही1 म्हणतात, ती अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी. त्याच्या फुफ्फुसातल्या बारीक नळ्या आतून बंद होत चालल्या होत्या, ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स, फुफ्फुसांचा क्रॉनिक जीव्हीएचडी, जीव्हीएचडी म्हणजे काय ते पुढे सांगते. गेलेली क्षमता सहसा परत येत नाही, आहे ती टिकवायची धडपड करता येते. आणि तो स्वतः म्हणत होता मला काही त्रास नाही, कारण ज्याने त्रास होतो ते त्याने हळूहळू करणंच सोडून दिलं होतं.

त्या दिवसानंतर मला रजिस्टरमधला "जिवंत, रिमिशनमध्ये", म्हणजे आजार दिसेनासा झालेला, हा रकाना पुरेनासा झाला.

जीव्हीएचडी म्हणजे डोनरच्या इम्यून पेशींनी पेशंटच्या शरीराला परकं समजून त्यावर हल्ला करणं. रूपर्ट बिलिंगहॅम यांनी 1966 मध्येच यासाठीच्या तीन अटी मांडल्या होत्या, ग्राफ्टमध्ये काम करणाऱ्या इम्यून पेशी हव्यात, पेशंटमध्ये डोनरला परकं वाटेल असं काही हवं, आणि पेशंटची स्वतःची इम्युनिटी त्या पेशींना हाकलू न शकणारी हवी. बघितलं तर ट्रान्सप्लांटमध्ये या तिन्ही अटी आपण स्वतःच तयार करतो. आणि खरी अडचण अशी की याच पेशी उरलेल्या ल्युकेमियालाही मारतात. सिअ‍ॅटलच्या गटाने 1979 मध्ये दाखवलं की ज्यांना जीव्हीएचडी झाला त्यांच्यात आजार परत येण्याचं प्रमाण कमी होतं, आणि 1990 मध्ये जर्मनीत हान्स-योखेन कोल्ब यांनी सीएमएल हा ब्लड कॅन्सर उलटलेल्या पेशंटना डोनरच्या लिम्फोसाइट, म्हणजे इम्यून पेशी, देऊन परत रिमिशनमध्ये आणलं. त्यामुळे जीव्हीएचडी पूर्ण दाबून टाका असं सरळ म्हणता येत नाही. किती दाबायचा आणि कधी सोडायचा, यातच सगळं.

तर मी क्रॉनिक जीव्हीएचडी मोजायला शिकले. एनआयएच या अमेरिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेच्या 2005 च्या निकषांनी प्रत्येक अवयवाला शून्य ते तीन असा स्कोअर दिला, त्याआधी प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने मर्यादित किंवा विस्तृत असं लिहायचा. त्वचा चिमटीत धरून बघायची, उचलली जाते की खाली चिकटलीय. तोंड किती उघडतं, खांदा किती वर जातो. डोळ्यांसाठी शिरमर टेस्ट, कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची, पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि पट्टी किती मिलिमीटर ओली झाली ते वाचायचं. काहींची पट्टी जशीच्या तशी कोरडी निघते. ती हातात घेऊन बघितली की तो माणूस रोज सकाळी पापण्या बोटाने का उघडतो ते कळतं.

आणि फुफ्फुसं. इथे मला काहीतरी करायचं होतं. पीएफटी दर काही महिन्यांनी होते, ती मशीन मोठी, टेक्निशियन हवा, दोन टेस्टच्या मधल्या काळात जे घसरायचं ते घसरून जातं. हातात मावेल असा छोटा स्पायरोमीटर, म्हणजे फुंकलेली हवा मोजणारं यंत्र, पेशंटला घरी दिला आणि आठवड्यातून एकदा फुंकायला सांगितलं तर? कल्पना माझी एकटीची नव्हती, बाहेरही लोक यावर काम करत होते. पण आपल्या पेशंटना हे जमतं का हे आपणच बघायला हवं होतं.

बाहेरून वाटतं संशोधन म्हणजे कल्पना सुचली आणि करून बघितली. प्रत्यक्षात प्रोटोकॉल लिहिण्यात काही महिने जातात. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, किती घसरण झाली की बोलवायचं, एकच रीडिंग कमी आलं तर परत फुंकायला सांगायचं की थेट यायला, सर्दी असेल तर काय. कंसेंट फॉर्म मी आधी लिहिला तो एका सिस्टरना वाचायला दिला, त्या म्हणाल्या की मॅडम हे तुम्हाला कळतंय, पेशंटला नाही कळणार, मग सगळा परत साध्या भाषेत लिहिला. मग एथिक्स कमिटी. तिथे वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या एक सदस्य असतात, त्यांनी विचारलं, "समजा रात्री दहा वाजता आकडा कमी आला आणि माणूस घाबरला, तर तो फोन कुणाला करणार?" सगळे तज्ज्ञ स्टॅटिस्टिक्सवर बोलत होते, हा प्रश्न त्यांनी विचारला. त्यानंतर प्रोटोकॉलमध्ये फोन नंबर आणि तो कोण उचलणार याची ड्युटी लिहिली गेली, आणि पुढे पेशंटनी सगळ्यात जास्त वापर त्याचाच केला.

फुंकायला शिकवणं हेही एक कामच आहे. पूर्ण श्वास आत, ओठ घट्ट, आणि मग एकदम जोरात, फुंका फुंका फुंका, अजून, अजून, संपलं वाटलं तरी अजून. आमची कोऑर्डिनेटर शेजारी उभी राहून एवढ्या जोरात ओरडायची की बाहेर बसलेले दचकायचे. तीन चांगल्या फुंका मिळाल्याशिवाय ती कुणाला सोडायची नाही. दर आठवड्याला ज्याचं रीडिंग आलं नाही त्याला फोन. कुणी म्हणायचं विसरलो, कुणी प्रवासात, आणि काही जण फोनवर गप्प व्हायचे, म्हणजे आकडा खाली आलेला असायचा आणि सांगायची भीती वाटत असायची. हे तिने शोधून काढलं, मी नाही. फुंकणं टाळणाऱ्याला आधी बोलवा, हा नियम तिने घालून दिला.

त्या अभ्यासातून काय निघालं? एवढंच की पेशंटना हे घरी जमतं, बहुतेक जण चिकाटीने करतात आणि रीडिंग मोठ्या मशीनच्या जवळपास येतं. याने फुफ्फुसं वाचतात असं आम्ही म्हटलं नाही, कारण ते सांगायला तेवढे पेशंट आणि तुलनेचा गट लागतो, तो आमच्याकडे नव्हता. पेपर पहिल्या जर्नलने परत पाठवला, नेमकं हेच कारण देऊन, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या छोट्या जर्नलमध्ये छापून आला. मला त्याचं पूर्ण समाधान आहे, जेवढं मोजलं तेवढंच लिहिलं.

याच काळात एक गोष्ट घडली ती मी कुठेही शिकवायला गेले तरी सांगते. अ‍ॅझिथ्रोमायसिन, साधं अँटिबायोटिक, सगळ्यांना माहीत असलेलं. फुफ्फुसांच्या ट्रान्सप्लांटनंतर ते आधीपासून दिलं तर हाच नळ्या बंद होण्याचा प्रकार कमी होतो असं दिसलं होतं. मग बोन मॅरोच्या पेशंटना सुरुवातीपासूनच का देऊ नये? स्वस्त, सोपं, दाह कमी करणारं. तर्क अगदी चोख होता, आमच्याकडेही चर्चा झाली होती की द्यायला काय हरकत आहे. फ्रान्समध्ये त्यावर नीट ट्रायल केली, अलोझिथ्रो नावाची, 19 सेंटर, 480 पेशंट, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, कुणाला काय दिलंय ते डॉक्टरलाही माहीत नाही. ट्रायल मध्येच थांबवावी लागली. अ‍ॅझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांमध्ये रक्ताचा कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जवळपास 33 टक्के निघालं, प्लासिबोमध्ये 21 टक्के, आणि मृत्यूही जास्त. 2017 मध्ये जामा या जर्नलमध्ये ते छापून आलं, 2018 मध्ये औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने इशारा काढला की प्रतिबंधासाठी म्हणून हे दीर्घकाळ देऊ नका. ज्यांना फुफ्फुसांचा आजार आधीच झालाय त्यांच्या उपचारात त्याचा विचार वेगळा होतो, तिथे बाकीच्या औषधांबरोबर ते वापरलं जातं, त्यामुळे वाचून कुणी आपलं औषध परस्पर बंद करू नका. पण विचार करा, ती ट्रायल झालीच नसती तर जगभरातल्या किती युनिटमध्ये चांगल्या मनाने, काळजीपोटी ही गोळी सगळ्यांना चालू झाली असती, आणि आजार उलटले असते, आणि कुणाला कारण कळलंही नसतं, कारण ल्युकेमिया उलटतोच कधी कधी असं म्हणून आपण पुढे गेलो असतो. त्या ट्रायलमध्ये नाव घातलेल्या पेशंटचे उपकार आहेत. प्लासिबो म्हटलं की नातेवाईक नाराज होतात, माझ्या माणसाला खोटी गोळी का, तेव्हा मी हीच ट्रायल समजावून सांगते, शांतपणे, पाहिजे तेवढा वेळ घेऊन.

मधल्या वर्षांत बाकी खूप काही बदललं. अर्धा मॅच असलेला डोनर, म्हणजे आई-वडील किंवा मुलंसुद्धा, आता वापरता येतात, कारण अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड द्यायची पद्धत बसवली. पेशी दिल्यावर परत केमो, ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या वेळी चवताळून वाढणाऱ्या इम्यून पेशी त्यात मरतात आणि स्टेम सेल वाचतात, त्यांच्याकडे ते औषध निकामी करणारं एन्झाइम भरपूर असतं. भावा-बहिणीत पूर्ण जुळायची शक्यता प्रत्येकामागे 25 टक्के, ज्यांना भावंडंच नाहीत त्यांना पूर्वी किती कठीण होतं ते मी बघितलंय. 2023 मध्ये एका मोठ्या ट्रायलमध्ये हीच पद्धत कमी तीव्रतेच्या कंडिशनिंगनंतर चांगल्या मॅचच्या डोनरसाठीही जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते त्यांनी मोजलं काय ते. पेशंट जिवंत आहे का एवढ्यावर न थांबता, गंभीर जीव्हीएचडीशिवाय आणि आजार न उलटता जिवंत आहे का, हे मोजलं. एका वर्षानंतर नव्या पद्धतीत साधारण 53 टक्के, जुन्या पद्धतीत 35. त्या मुलाच्या पीएफटीच्या दिवशी मला रजिस्टरमध्ये जो रकाना हवा होता तो आता मोठ्या ट्रायलचा मुख्य निकष झालाय. क्रॉनिक जीव्हीएचडीची औषधंही आली, अमेरिकेत 2017 मध्ये इब्रुटिनिबला मान्यता मिळाली, 2021 मध्ये बेलुमोसुडिल आणि रुक्सोलिटिनिबला, त्याआधी स्टेरॉइड आणि परत स्टेरॉइड असंच चालायचं, आणि त्या स्टेरॉइडने हाडं आणि साखर वेगळीच बिघडायची.

तो मुलगा येतो अजून. फुफ्फुसं सुधारली नाहीत, पण त्यापुढे फारशी घसरलीही नाहीत. जिना तो हळू चढतो, मध्ये थांबून, आणि मुद्दाम चढतो.

सध्या माझ्याकडे जे काम आहे ते अजिबात चकचकीत नाही. जुन्या पेशंटची यादी घ्यायची, जे दोन-चार वर्षं आलेच नाहीत त्यांना शोधायचं, फोन करायचा. पत्ते बदललेले, नंबर बंद. सापडले की बरेच जण म्हणतात, आम्ही बरे आहोत म्हणून आलो नाही. आणि नेमके हेच लोक डेटामधून गळतात, मग आपल्याला वाटतं ट्रान्सप्लांटनंतर सगळेच आजारी असतात, किंवा उलट, जे त्रासून दुसरीकडे गेले ते गळले तर वाटतं सगळे ठणठणीत. दोन्ही चूक. काम मिळालं का, लग्न झालं का, मूल हवंय का, थकवा किती, झोप कशी, हे आम्ही आता फॉर्ममध्ये विचारतो. फेलो मुलं सुरुवातीला कंटाळतात, त्यांना नवीन सेल थेरपी करायची असते, जीन एडिटिंग करायचं असतं, आणि करावंच त्यांनी, 2023 च्या शेवटी सिकल सेलसाठी क्रिस्पर या जीन एडिटिंगच्या तंत्रावर आधारित पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली ही फार मोठी गोष्ट आहे. पण तो उपचार घेतलेल्यांनाही पंधरा-पंधरा वर्षं फॉलो-अपमध्ये ठेवावं लागणार आहे, आणि तेव्हा फोन करणारं कुणीतरी लागणारच.

हे वाचणाऱ्यांत कुणाचा दुसऱ्याच्या पेशींचा ट्रान्सप्लांट झाला असेल, किंवा घरातल्या कुणाचा, तर पुढच्या भेटीत एवढं जरूर विचारा. शेवटची पीएफटी कधी झाली आणि आधीच्या टेस्टच्या तुलनेत एफईव्ही1 किती आहे. दम लागत नसला तरी विचारा. लहानपणीच्या लसी ट्रान्सप्लांटनंतर परत घ्याव्या लागतात, त्या कुठवर आल्यात ते विचारा, आणि लाइव्ह लसी, म्हणजे ज्यांत कमजोर केलेले जिवंत जंतू असतात त्या, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत. डोळे, दात, हाडं, थायरॉइड यांची तपासणी कधी आहे ते लिहून घ्या. आणि फोन नंबर बदलला तर ट्रान्सप्लांट युनिटला नक्की कळवा.